इडलीच्या पिठाचा काय गुन्हा?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी मानेवाड्याला राहते, वय 43. घरूनच इडली-डोशाचं पीठ विकते. आसपासच्या चार-पाच सोसायट्यांत माझं पीठ जातं. मागच्या दिवाळीपासून मला खाली खूप खाज सुटते, पांढरं घट्ट जातं, लघवीच्या वेळी आग होते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त, पाळी आली की जरा कमी. घरात पडलेली एक गोळी घेते, बरं वाटतं, महिना-दीड महिन्यानं पुन्हा तेच. दिवाळीच्या आधी दाढेत पू झाला होता, तेव्हा दहा दिवस अँटिबायोटिक घेतलं होतं. आता छातीखाली आणि जांघेतही लाल चट्टे आलेत. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत थंड, सोडली की दुप्पट. हाताच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलून निघते. थकवा आहे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठते, पण ते वयामुळं असेल.

यजमानांना शुगर आहे. उन्हाळ्यात त्यांची गोळी बदलली, त्यानंतर त्यांनाही त्या जागी लाल होऊन खाज सुटली. ते म्हणतात, तुझ्यापासूनच मला लागलं. सासूबाई म्हणतात, अंगात गरमी झाली. नणंदेनं व्हिडिओ पाठवला, त्यात सांगून राहिले की हे यीस्ट पूर्ण शरीरात पसरतं. सकाळी उठल्याबरोबर ग्लासभर पाण्यात थुंकायचं, थुंकीच्या तारा खाली उतरल्या तर समजायचं कँडिडा आहे. माझ्या उतरल्या. शुद्धीकरणाचं तीन महिन्यांचं पॅकेज साडेआठ हजाराचं आहे. त्यात दही, इडली, डोसा, ब्रेड, फळं सगळं बंद. माझे हात तर रोज आंबलेल्या पिठात असतात. तिथूनच शिरलं का हो हे? धंदा बंद करू का? ज्यांना पीठ विकते त्यांनाही होईल का?

— एक वाचक, नागपूर

ताई,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे आज झोप तरी लागेल. धंदा बंद करू नका. उडीद-तांदळाचं पीठ आंबतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळं. त्यातला ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू वायू सोडतो, म्हणून मे महिन्यात आपल्याकडे पीठ रात्रीतून झाकण उचलून पातेल्याबाहेर येतं. त्यात थोडंफार यीस्टही सापडतं, नाही असं नाही, पण इडलीपात्राच्या वाफेत ते मरून जातं. यीस्ट ही बुरशीचीच एक जात. तुम्हाला छळणारं यीस्ट बहुतेक कँडिडा अल्बिकन्स असावं, आणि ते राहतं माणसाच्या अंगावर. 'बहुतेक' म्हणते, कारण तुम्हाला अजून कोणी तपासलेलंच नाही.

हे कँडिडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच ते आईकडून, घरच्यांकडून बाळाकडे येतं. मग तोंडात, आतड्यात, कातडीच्या घड्यांत राहतं, आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पाळी येणाऱ्या वयातल्या 10 ते 20 टक्के बायकांच्या योनीमार्गात ते काहीही त्रास नसताना सापडतं. आणि त्रास होणाऱ्यांचं म्हणाल, तर चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होऊन जातो. म्हणजे तुमच्याकडून पीठ नेणाऱ्या कितीतरी जणी यातून गेल्या असतील. पिशवी घेताना कोण सांगणार? तेव्हा 'कुठून शिरलं' हे शोधत बसू नका. इतकी वर्षं गप्प होतं, ते आताच काहून उठलं, एवढं शोधू.

गप्प असताना कँडिडाची पेशी गोल असते. तिला एक फुगवटा येतो, तो तुटून दुसरी पेशी होते, अशी संथ वाढ चालते. पण पोषण मिळालं, जागा मिळाली, अडवणारं कोणी उरलं नाही, की तीच पेशी लांबते आणि तिचे धागे होतात. हे धागे आतल्या नाजूक अस्तराला चिकटतात, पेशींमध्ये घुसतात. घुसताना ते एक विष सोडतात. कँडिडालायसिन हे त्याचं नाव, आणि ते शास्त्रज्ञांच्या हाती लागलं 2016 साली, म्हणजे अगदी अलीकडे. अस्तराला इजा झाली की शरीर पांढऱ्या पेशींची फौज तिकडे पाठवतं. सूज, लाली, आग ही बरीचशी त्या फौजेची करामत असते. म्हणून होतं काय, एखादीच्या तपासणीत बुरशी थोडीच दिसते आणि ती खाजेनं रडकुंडीला आलेली असते. दुसरीच्या तपासणीत भरपूर दिसते आणि तिला काहीच होत नसतं. रिपोर्टमध्ये नुसतं 'कँडिडा' लिहून आलं आणि त्रास काहीच नसला, तर औषध घ्यायची गरज नसते ती याचसाठी.

आता अडवणारे कोण ते बघा. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू असतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळं अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यावर हे जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 3.8 ते 4.5 च्या दरम्यान ठेवतात. कँडिडाला आम्लाचं तसं वावडं नाही, हा त्रास असतानाही पीएच बहुधा तेवढाच राहतो. पण हे जिवाणू जागा अडवून असतात, खाणं संपवतात, कँडिडाला अस्तराला चिकटू देत नाहीत. तुम्ही दाढेसाठी दहा दिवस अँटिबायोटिक घेतलं. ते जिवाणूंना मारतं, बुरशीला त्याचा ओरखडाही उठत नाही. बर्डीच्या बाजारात महापालिकेचं पथक येऊन हातगाड्या उचलून नेतं, आणि पथकाची गाडी वळली रे वळली की मोकळ्या फुटपाथवर दुसरंच कोणी पथारी पसरतं, तसं झालं. दाढेत पू होता म्हणजे औषध लागणारच होतं. तुमच्या दंतवैद्यांना बोल लावायचं कारण नाही. फक्त पुढच्या वेळी कोणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर सांगायचं, मला यानंतर बुरशीचा त्रास होतो. आणि सर्दी-पडशाला मागून घ्यायचं नाही.

पाळीच्या आधी वाढतं आणि पाळीत कमी होतं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कँडिडा हे संप्रेरकांच्या तालावर चालतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, तेव्हा हा त्रास जास्त. पाळी सुरू व्हायच्या आधी आणि कायमची गेल्यावर कमी. म्हणूनच साठीच्या बाईला एकाएकी असा त्रास सुरू झाला तर आम्ही दुसरं कारण शोधतो, आणि पुष्कळदा ते रक्तातल्या साखरेत सापडतं.

ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही 'ते वयामुळं असेल' म्हणून सोडून दिलीत. थकवा, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, पुन्हा पुन्हा बुरशी, कातडीच्या घड्यांत चट्टे. त्रेचाळीस हे काही वय नव्हे हो! तुमच्या यजमानांच्या शुगरचा हिशेब घरात सगळ्यांना पाठ असेल. तुमची शेवटची कधी तपासली? पत्रात त्याचा शब्दही नाही. बाळंतपणात कधी साखर वाढली होती का, बाळ चार किलोच्या पुढचं होतं का, आईवडिलांपैकी कोणाला आहे का, तेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील.

रक्तात साखर वाढली की बुरशीचं दोन्हीकडून फावतं. एक म्हणजे तिला खायला मिळतं. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीतून त्याच जागेवरून बाहेर येते. दुसरं, बुरशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी साखर चढलेली असली की मंदावतात. मलमं, गोळ्या, पथ्यं सगळं करूनही त्रास परत परत येतो, आणि साखर ताब्यात आली की आपोआप विरळ होतो, असं कितीतरी जणींच्या बाबतीत बघते मी. तेव्हा साडेआठ हजार खर्च करायच्या आधी एक उपाशीपोटीची साखर आणि एक एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) एवढी तपासणी करून घ्या. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त आलं तर मधुमेह समजतात, बहुधा एकदा पुन्हा तपासून खात्री करतात. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 मध्ये आलं तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. रक्त देतच आहात तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या, थकव्याचं कारण तिथंही असू शकतं. आणि समजा सगळं नॉर्मल आलं, तर चांगलंच; मग साखरेकडे बोट न दाखवता बाकीच्या कारणांकडे वळू.

यजमानांकडे येऊ. 'तुझ्यापासूनच लागलं' हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकते, आणि बाई बिचारी ते मुकाट ऐकून घेते. तुम्ही ऐकून घेऊ नका. हा त्रास लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत मोडत नाही. कुमारिकांना होतो, संबंध नसलेल्यांनाही होतो. संबंधांनंतर पुरुषाला थोडी लाली, चुरचुर होऊ शकते, पण तुम्ही दिलेला काळ बघा: उन्हाळ्यात गोळी बदलली, त्यानंतर खाज सुटली. मधुमेहाच्या गोळ्यांचा एक गट आहे, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी त्यांची नावं. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपल्यापासून ती स्वस्त झाली आणि आता सर्रास लिहिली जाते. या गोळ्या जादा साखर लघवीतून बाहेर टाकतात, दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम. म्हणजे मुद्दामच गोड लघवी करणाऱ्या गोळ्या त्या! शिस्नाच्या पुढच्या कातडीखाली असा गोड थेंब राहिला, वर घाम, की तिथं कँडिडा बसायला उशीर लागत नाही. बाया आणि पुरुष दोघांतही हा या गोळ्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. यजमानांच्या गोळीच्या पाकिटावर शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे का, एवढं वाचून बघा.

असेल तरी गोळी मनानं बंद करायची नाही. हृदयाला आणि मूत्रपिंडांना तिचा चांगला फायदा होतो, म्हणून तर डॉक्टरांनी दिली. त्यांना जाऊन स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, आठवडाभर बुरशीचं मलम लावायचं, एवढ्यानं बहुतेकांचं भागतं. वारंवार झालं तर डॉक्टर गोळी बदलतील. मात्र कातडी मागे सरकत नसेल, जागा काळी-निळी पडली असेल, खूप सूज आणि ताप असेल, तर तासाभराचाही उशीर न करता दवाखान्यात. हे सगळं त्यांना तुम्ही सांगाल तर वाद होईल असं वाटत असेल, तर हा मजकूरच त्यांच्या पुढ्यात ठेवा.

सासूबाईंच्या 'गरमी'ला मी सरसकट हसणार नाही. उष्ण पदार्थ खाऊन बुरशी होत नाही, पण नागपूरचा उन्हाळा हातभार लावतो. कातडीवर कातडी घासते, मध्ये घाम अडकतो, हवा लागत नाही, ती जागा मऊ पडते आणि वरचा थर फाटतो. छातीखाली, जांघेत, परकराची नाडी आवळून बसते तिथं, पोटाच्या वळीखाली, अशा जागी चट्टा पडतो. कँडिडाचा असेल तर लालभडक, ओलसर, आणि कडेला बारीक बारीक पुळ्या विखुरलेल्या दिसतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरपुढे बसून अंग गार होतं हे खरं, पण कूलरची हवा दमट, घाम वाळत नाही. तुम्ही तर त्यात गॅसपुढे उभ्या. सुती कपडे, काम आटोपलं की लगेच बदलायचे, घड्या पुसून कोरड्या करायच्या, अंगाला चिकटणारे नायलॉनचे कपडे नकोत. टाल्कम पावडर थापू नका, घामात तिचे गोळे होतात.

आणि ती ट्यूब. ताई, ती तर आजच थांबवा. मेडिकलच्या दुकानात 'खाजेची ट्यूब' म्हणून जे देतात त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. मागची बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असलं तर ते स्टिरॉइड. ते सूज दाबतं, म्हणून दोन दिवसांत थंड वाटतं. पण सूज म्हणजे शरीराची लढाई होती. ती दाबली आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. सोडलं की दुप्पट होतं ते त्यामुळं. शिवाय जांघेतली कातडी अशानं पातळ होते, तिथं पांढऱ्या रेघा उमटतात, त्या जात नाहीत. आपल्या देशात गजकर्ण जे इतकं चिवट होऊन बसलंय, त्यात या मलमांचा मोठा वाटा आहे. केंद्र सरकारनं 2018 मध्ये अशी 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी काउंटरवर काय चालतं ते तुम्हीच लिहिलंय. ज्यांना स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा दम्याचा पंप डॉक्टरांनी दिलाय, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी ते सोडायचं नाही. पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो.

आता तो व्हिडिओ. थुंकीच्या तारा खाली उतरल्या म्हणजे थुंकी पाण्यात बुडाली, यापलीकडे काही सिद्ध होत नाही. रात्रभर तोंड कोरडं पडून लाळ घट्ट होते, तिच्यात बुळबुळीत पदार्थ असतो, तो जड असतो. माझ्याही उतरतील, त्या व्हिडिओवाल्याच्याही उतरतील. थकवा, विसराळूपणा, पोट फुगणं, चिडचिड, सगळ्याला एकच कारण यीस्ट, ही कल्पना अमेरिकेत गेल्या शतकात 80 च्या दशकात पसरली. तिथल्याच ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं 1986 मध्ये ती निव्वळ अंदाजावर आधारलेली आणि सिद्ध न झालेली म्हणून बाजूला सारली. पुढे 1990 मध्ये असा आजार असल्याचं मानणाऱ्या 42 बायकांवर नीट चाचणी झाली. बुरशीचं खरं औषध आणि नुसती खोटी गोळी, दोन्हींनी थकवा वगैरे तक्रारी सारख्याच कमी झाल्या. चाळीस वर्षांपूर्वीचा माल आता मोबाइलवर नव्या वेष्टनात येतो, एवढंच.

कँडिडा रक्तात शिरतं, हे मात्र खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये सर्वांत घातक बुरशींची जी यादी काढली तिच्या पहिल्या गटात कँडिडा अल्बिकन्स आहे, आणि कँडिडा ऑरिसही आहे, जी 2009 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा ओळखली गेली. पण तो आजार होतो तो आयसीयूत, शिरेत दिवसेंदिवस नळी असलेल्या, केमोथेरपी चाललेल्या, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना. त्याचं निदान रक्ताच्या कल्चरनं, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघून, होतं, आणि तो जिवावर बेतणारा असतो. तसा आजार झालेला माणूस सोसायट्यांत फिरून पीठ पोचवत नाही. तुमच्या शरीरभर काही पसरलेलं नाही. नणंदेचा हेतू चांगलाच असणार, त्यांना दुखवू नका. पैसे मात्र भरू नका.

खाण्याचं थोडक्यात सांगते. दही खा, आंबील प्या, इडली खा, संत्र्याच्या दिवसांत संत्री खा. साखर वाढलेली निघाली तर काय किती खायचं ते त्या हिशेबानं ठरेल, यीस्टच्या हिशेबानं नाही. दही आत लावायचं नाही. लसूण, हळद, कडुनिंबाचा पाला, डेटॉलचं पाणी, जाहिरातीतले सुगंधी वॉश यातलंही काही नको. त्यानं आधीच सोललेली जागा आणखी भाजते. साधं पाणी, तेही बाहेरूनच.

बोटांच्या बेचक्यांचं. पावसाळ्यात पायांना चिखल्या होतात ना, तोच प्रकार हातांना होतो. भांडी, भिजवलेली डाळ, पीठ ढवळणं, दिवसभर हात ओले. मधल्या आणि अनामिकेच्या बेचक्यात पाणी अडकून राहतं, कातडी फुगून पांढरी पडते आणि तिथं कँडिडा बसतं. नखांच्या कडाही सुजून दुखत असतील तर तेही त्यातलंच. म्हणजे पिठानं काही केलं नाही, ओलाव्यानं केलं. कातडी भरून येईपर्यंत आत पातळ सुती मोजे आणि वर रबरी हातमोजे घालून काम करा, अंगठी काढून ठेवा, हात धुतल्यावर प्रत्येक बेचकं पुसा. गिऱ्हाइकांच्या दृष्टीनंही हे पाळा, पण कँडिडासाठी नव्हे. फाटलेल्या, चिघळलेल्या कातडीवर स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू बसू शकतो, आणि तो अन्नात जे विष सोडतो ते उकडूनही जात नाही. बेचक्यात पू दिसला तर बरं होईपर्यंत पीठ हाताळायला दुसऱ्या कोणाला सांगा.

आणि आता दवाखाना. आत्तापर्यंत तुम्ही घरातली गोळी, दुकानातली ट्यूब यांवर काढलंत. बाई सांगते 'यीस्ट' आणि निघतं भलतंच, असं फार वेळा होतं. पातळ, राखाडी, मासळीसारखा वास असलेला स्राव असेल तर तो जिवाणूंचा बिघाड, त्याला बुरशीचं औषध लागूच पडत नाही. हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो, आणि तो मात्र संबंधांतून पसरतो, नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञ स्राव तपासून काचपट्टीवर बघतील, पीएचची पट्टी लावतील, आणि तुमच्यासारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासात कल्चरला पाठवतील. कँडिडा ग्लाब्राटासारख्या जातींवर फ्लुकोनाझोल ही बुरशीची नेहमीची गोळी नीट चालत नाही, मग औषध बदलावं लागतं. खासगी परवडत नसेल तर डागा, मेयो, मेडिकल या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांपैकी जवळ पडेल तिथल्या ओपीडीत जा. बाई डॉक्टर हव्यात असं सांगितलंत तर कोणी वाईट मानत नाही.

साध्या, एकदाच झालेल्या त्रासाला क्लोट्रिमाझोलची योनीमार्गात ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनाझोल 150 ची एकच गोळी पुरते. वर्षात तीन किंवा जास्त वेळा होत असेल, तर बहुधा दर तिसऱ्या दिवशी एक अशा तीन गोळ्या आणि मग आठवड्याला एक, सहा महिने. तुम्ही घेतलीत एकच, बरं वाटलं, थांबलात. एवढ्यानं वारंवारचा त्रास आवरत नाही. सहा महिन्यांनी थांबवल्यावरही काही जणींना परत होतं, तेव्हा मूळ कारण तोवर सापडलेलं असलं पाहिजे. पाळी चुकली असेल, दिवस असण्याची जरा जरी शक्यता असेल, तर फ्लुकोनाझोल घ्यायची नाही. तेव्हा फक्त आत ठेवायची औषधं, सात दिवस.

जाताना ती ट्यूब, गोळीचं रिकामं पाकीट आणि रक्ताचे रिपोर्ट पिशवीत टाका. यजमानांच्या गोळ्यांची चिठ्ठीही घ्या. घरात फ्लुकोनाझोल आली की 'तुम्हीही एक घेऊन टाका' असं होतं. त्यांच्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी असेल तर ते करू नका. फ्लुकोनाझोलमुळं ती गोळी शरीरात साठते, साखर एकदम खाली येते, दरदरून घाम, थरथर, चक्कर, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं. रक्त पातळ करायची वॉरफेरीन चालू असेल तरी हाच नियम. त्यांची गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारून, तुमची तुमच्या.